निकालाआधीचे अपील : दार कुणासाठी उघडे, कुणासाठी बंद?

आमच्याकडे वकिलीच्या निमित्ताने दोन प्रकारची माणसे येतात. पहिली म्हणजे आमच्या वस्त्यांमधली तरुण पोरे. जयंतीच्या मिरवणुकीत, मोर्चात किंवा बंदच्या दिवशी त्यांच्यावर गुन्हा दाखल झालेला असतो. हातात कोर्टाचे समन्स असते आणि तोंडात एकच वाक्य असते, "वकीलसाहेब, केस सरळसरळ खोटी आहे. हायकोर्टात जाऊन आत्ताच रद्द करून टाका ना!" दुसरी म्हणजे अत्याचारग्रस्त कुटुंबे. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवायला त्यांनी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवलेल्या असतात. ती घाबरून विचारतात, "साहेब, आरोपी वर हायकोर्टात गेलेत म्हणे. आता आमची केस संपली का?"

हे दोन्ही प्रश्न वरवर वेगळे दिसतात, परंतु त्यांचे मूळ एकच आहे. फौजदारी खटल्याचा अंतिम निकाल लागण्यापूर्वी आरोपीला वरच्या न्यायालयात दाद मागता येते काय? येत असेल तर कोणत्या हुकुमाविरुद्ध, किती दिवसांत आणि कोणत्या अटींवर? याविषयी आमच्या चळवळीत मोठे अज्ञान आहे आणि त्या अज्ञानाची किंमत आपण दोन्ही बाजूंनी मोजत आहोत. आपली पोरे आरोपी असतात तेव्हा हे दार आपल्याला सापडत नाही. आपण फिर्यादी असतो तेव्हा त्याच दारातून आरोपी बिनबोभाट निघून जातात. म्हणून या विषयावर सविस्तर लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

महाडचा धडा

अंतिम निकालाआधीचा हुकूम किती परिणाम करू शकतो हे आपल्या चळवळीला कुणी नव्याने सांगण्याची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. त्याआधीच महाडच्या सवर्णांनी दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दाव्यात अजून एकही साक्ष झालेली नव्हती. तरीही त्या एका तात्पुरत्या हुकुमामुळे हजारो सत्याग्रही जमले असताना तळ्यावरचा सत्याग्रह पुढे ढकलावा लागला. तो मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला. मूळ दाव्याचा निकाल १९३१ मध्ये लागला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आला. म्हणजे तळ्याच्या पाण्यावरचा हक्क न्यायालयात शाबीत व्हायला दहा वर्षे लागली, आणि तो अडवायला मात्र एक तात्पुरता कागद पुरला!

महाडचा दावा दिवाणी होता, आजचा आमचा विषय फौजदारी आहे. परंतु धडा तोच आहे. प्रस्थापितांना अंतिम निकाल जिंकण्याची फारशी घाई नसते. मधल्या काळात मिळणारा हुकूम त्यांना पुरतो. वेळ त्यांच्या बाजूने असतो. आमच्या बाजूला असतात म्हातारे होणारे साक्षीदार आणि मजुरी बुडवून तारखेला येणारी माणसे.

कायदा काय म्हणतो?

आपल्या फौजदारी कायद्याचा सर्वसाधारण नियम असा आहे की, खटला आधी पूर्ण होऊ द्यावा, निकाल लागू द्यावा आणि मग अपील करावे. दर तारखेला न्यायाधीश लहानमोठे हुकूम करीत असतात. त्या प्रत्येकाविरुद्ध वर जाण्याची मुभा दिली तर कोणताही खटला कधीच संपणार नाही. १८९८ च्या जुन्या संहितेत अशी स्पष्ट मनाई नव्हती. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३९७ (२) ने खटल्याच्या दरम्यान झालेल्या अंतरिम हुकुमाविरुद्ध पुनरीक्षण अर्ज, म्हणजे कोर्टाच्या भाषेत रिव्हिजन, करण्यास मनाई केली. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तीच मनाई आता तिच्या कलम ४३८ (२) मध्ये आहे.

मग प्रश्न येतो, अंतरिम हुकूम कशाला म्हणायचे? कायद्यात त्याची व्याख्या दिलेली नाही. ती न्यायालयांनी घडवली. जुलै १९७७ मध्ये अमरनाथ विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, साक्षीदाराला बोलावणे, तारीख वाढवणे, जामिनाचा हुकूम, अहवाल मागवणे असे जे हुकूम खटला पुढे सरकवण्यासाठी होतात, ते अंतरिम हुकूम. परंतु ज्या हुकुमाने आरोपीच्या हक्कांवर ठोस परिणाम होतो, तो निव्वळ अंतरिम म्हणता येणार नाही.

त्याच वर्षी दुसरा महत्त्वाचा निकाल आला तो आपल्या महाराष्ट्रातल्या खटल्यात. समाजवादी नेते मधु लिमये यांनी १९७४ साली पत्रकार परिषदेत राज्याचे तत्कालीन कायदामंत्री ए. आर. अंतुले यांच्याविरुद्ध विधाने केली होती. त्यावरून लिमये यांच्यावर मुंबईच्या सत्र न्यायालयात बदनामीचा खटला भरला गेला. हा खटला या न्यायालयाला चालवताच येत नाही, असा लिमये यांचा आक्षेप होता. तो फेटाळला गेला. उच्च न्यायालयाने 'हा अंतरिम हुकूम आहे, रिव्हिजन चालणार नाही' असे सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३१ ऑक्टोबर १९७७ रोजी निकाल लागला. अंतिम हुकूम आणि अंतरिम हुकूम या दोहोंमध्ये एक तिसरा प्रकार असतो, तो म्हणजे मधला हुकूम. त्याला मनाईचे कलम लागू होत नाही. शिवाय उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार मनाईच्या कलमाने सर्वस्वी संपत नाहीत. न्यायालयीन प्रक्रियेचा उघड दुरुपयोग होत असेल तर ते वापरता येतात, परंतु क्वचित आणि जपून. हे अंगभूत अधिकार पूर्वी कलम ४८२ मध्ये होते, आता नव्या संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहेत.

ओळखण्याची कसोटी साधी आहे. आरोपीने घेतलेला आक्षेप मान्य झाला असता तर खटला तिथल्या तिथे संपला असता काय? उत्तर 'होय' असेल, तर तो आक्षेप फेटाळणारा हुकूम अंतरिम नाही, त्याविरुद्ध वर जाता येते. उत्तर 'नाही' असेल, तर मुकाट्याने खटला चालवावा आणि निकालानंतरच्या अपिलात तो मुद्दा घ्यावा. २००० साली गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी पुन्हा सांगितली.

या कसोटीवर पाहिले तर दोषमुक्तीचा अर्ज फेटाळला जाणे, न्यायालयाला अधिकारच नाही हा आक्षेप फेटाळला जाणे, सरकारी नोकरावर खटला भरण्याची आवश्यक मंजुरी नसल्याचा मुद्दा फेटाळला जाणे, हे हुकूम वर नेता येतात. साक्षीदाराला पुन्हा तपासणीसाठी बोलावू दिले नाही किंवा एखादा कागद मागवू दिला नाही, एवढ्यावरून रिव्हिजन होत नाही, हे २००९ सालच्या एका निकालाने स्पष्ट झालेले आहे.

विशेष कायद्यांमध्ये हे दार आणखी अरुंद होते. आणीबाणीनंतर विद्याचरण शुक्ल यांच्यावर विशेष न्यायालयात खटला चालला. त्यात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, विशेष न्यायालयांचा कायदा खटला लवकर निकाली निघावा म्हणून केलेला आहे, म्हणून तिथे आरोप निश्चित करण्याचा हुकूमही अंतरिमच समजावा.

एवढा कायदा समजला तरी एक गोष्ट ध्यानात येते. निकालाआधीचे दार कायद्याने मुद्दाम अरुंद ठेवलेले आहे, आणि ते अरुंद असणे आमच्या हिताचे आहे. पण कायद्याच्या पुस्तकातील अरुंद दार प्रत्यक्षात सर्वांना सारखेच अरुंद असते काय? खरा प्रश्न इथे आहे.

कराडचा अर्ज आणि २ एप्रिलचा भारत बंद

याचे सर्वात मोठे उदाहरण आपल्या सातारा जिल्ह्यातले आहे. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एका मागासवर्गीय कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरे लिहिले गेले. त्याने ॲट्रॉसिटीची फिर्याद दिली. शेरे लिहिणाऱ्यांवर खटला भरण्याची मंजुरी तंत्रशिक्षण संचालकांनी नाकारली, म्हणून पुढे त्या संचालकांवरही २०१६ मध्ये गुन्हा दाखल झाला. आरोपी संचालक गुन्हा रद्द करून घेण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये नकार दिला. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डॉ. सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हेच ते प्रकरण.

त्यात एकाही साक्षीदाराची साक्ष झाली नव्हती, खटला उभाही राहिला नव्हता. एका आरोपीचा निकालाआधीचा अर्ज, एवढेच त्याचे स्वरूप होते. त्या एका अर्जावर २० मार्च २०१८ रोजी, म्हणजे नेमक्या चवदार तळ्याच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या आरोपीविरुद्धची कारवाई तर रद्द केलीच, परंतु देशभरातल्या सगळ्या दलित-आदिवासींसाठी नवे नियम घालून दिले. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी, अटकेआधी वरिष्ठांची परवानगी, आणि अटकपूर्व जामिनाला मोकळीक! ज्या लाखो लोकांचे संरक्षण पातळ झाले, ते त्या खटल्यात पक्षकारही नव्हते.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. २ एप्रिल २०१८ रोजी भारत बंद झाला. उत्तरेत आपल्या अनेक तरुणांचे प्राण गेले, हजारोंवर गुन्हे दाखल झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेला कायद्यात कलम १८ अ घालावे लागले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी कलम १८ अ वैध ठरले. दीड-दोन वर्षे आणि अनेक जीव खर्ची पडून आपण होतो तिथे परत आलो. निकालाआधीच्या एका अर्जाने हे सगळे घडवले, हे आपण विसरता कामा नये.

दुसरी बाजू : तेलतुंबडे यांचा तुरुंगवास

मग या दाराला कायमचे कुलूप लावा, असे आम्ही म्हणायचे का? मुळीच नाही. कारण उद्या त्याच दारासमोर आपलाच माणूस उभा असतो.

डॉ. आनंद तेलतुंबडे यांचेच पाहा. भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात आपल्याविरुद्धचा गुन्हा रद्द व्हावा म्हणून ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०१८ मध्ये अर्ज फेटाळला गेला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नकार दिला. १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी, त्यांना तपास यंत्रणेसमोर शरण जावे लागले. जुलै २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या कायद्यातील कलम २१ अन्वये जामिनाच्या हुकुमाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करता येते, ते दोन न्यायमूर्तींपुढे चालते. त्या अपिलात १८ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांना जामीन मिळाला. दहशतवादी कृत्याची गंभीर कलमे प्रथमदर्शनी लागू होत नाहीत, असे उच्च न्यायालयाला दिसले. तपास यंत्रणा सर्वोच्च न्यायालयात गेली, तिचा अर्ज आठवड्याभरात फेटाळला गेला. २६ नोव्हेंबरला, संविधानदिनी, ते तळोजा तुरुंगाबाहेर आले.

अडीच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात! तोपर्यंत आरोपही निश्चित झाले नव्हते, मग निकाल तर दूरच. अंतिम निकालाची वाट पाहा आणि मगच अपील करा, हा नियम अशा माणसाला लावला तर खटला हीच शिक्षा होते. निकालाआधीच्या अपिलाचे दार उघडे होते म्हणूनच ते बाहेर आले. तेही देशभर ओळखल्या जाणाऱ्या एका विचारवंताला अडीच वर्षांनी. ज्याला कुणी ओळखत नाही त्याचे काय?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या तुरुंग अहवालानुसार देशातल्या ५ लाख ७३ हजार २२० कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार कैद्यांपैकी तिघांचा निकाल लागलेलाच नव्हता. या कच्च्या कैद्यांमध्ये साधारण दर पाचांमागे एक अनुसूचित जातीचा होता. त्यांच्यासाठी 'निकालाआधी' हाच सगळा काळ आहे.

बाबासाहेबांना हा धोका घटना लिहितानाच दिसला होता. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून 'योग्य कायदेशीर प्रक्रिया' हे शब्द वगळले गेले, त्यावर टीका झाली. तेव्हा त्याची थोडीफार भरपाई म्हणून बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत नवे कलम मांडले. तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण सांगणे, वकील देणे, चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभे करणे हे हक्क त्यात आले. निकाल लागेपर्यंत माणूस सरकारच्या मर्जीवर सोडता येणार नाही, ही त्यामागची भूमिका होती. म्हणून आरोपीचा हक्क हा शब्द ऐकला की चळवळीने दचकू नये. तो बाबासाहेबांच्या संविधानाने दिलेला हक्क आहे.

जमिनीवर काय घडते?

आता आमच्या अनुभवातली दोन प्रकरणे सांगतो. गावांची आणि न्यायालयांची नावे मुद्दामच देत नाही.

एका तालुक्यात मारहाणीचे ॲट्रॉसिटी प्रकरण होते. आरोपपत्र दाखल झाले. आरोपींनी दोषमुक्तीचा अर्ज केला, तो फेटाळला गेला. ते वरच्या न्यायालयात गेले आणि खालच्या खटल्याला स्थगिती मिळाली. फिर्यादी मावशींना त्याची नोटीसही गेली नव्हती. खालच्या कोर्टात त्या दर तारखेला यायच्या आणि शिरस्तेदाराकडून पुढची तारीख घेऊन जायच्या. वर्षभराने त्या आमच्याकडे आल्या तेव्हा कळले की, खटल्याला स्थगिती आहे. आम्ही वर हजर होऊन ती उठवली. पण तोवर घटना डोळ्यांनी पाहिलेले शेजारचे आजोबा वारले होते. निकाल काय लागायचा तो लागो, ती साक्ष गेली ती गेलीच.

दुसरे प्रकरण तीन तरुणांचे. बंदच्या दिवशीच्या दगडफेकीत त्यांची नावे होती. त्यातला एक त्या दिवशी दवाखान्यात होता, त्याचे कागद होते. त्याच्या वडिलांनी व्याजाने पैसे काढले आणि गुन्हा रद्द करण्यासाठी ते थेट मुंबईला गेले. तिथे काय झाले? त्या टप्प्यावर न्यायालय सहसा फिर्यादी पक्षाचेच कागद पाहते, आरोपीचा बचावाचा पुरावा साधारणपणे खटल्यातच तपासला जातो. आरोप निश्चित करण्याच्या टप्प्यासाठी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ओरिसाच्या देवेंद्रनाथ पाढी प्रकरणात २००४ मध्येच सांगितलेले आहे. अर्ज मागे घ्यावा लागला. पैसे गेले. पुढे खालच्याच कोर्टात खटला चालला आणि तिघेही निर्दोष सुटले. ज्या दारातून जायचे नव्हते त्या दारावर डोके आपटण्यात त्या बापाने आयुष्याची कमाई घालवली.

पहिल्या प्रकरणात दार आरोपींसाठी सहज उघडले, दुसऱ्यात आपला माणूस चुकीच्या दाराशी गेला. कायदा दोघांनाही सारखाच होता. फरक होता तो माहितीचा, पैशाचा आणि वकिलाचा.

हे लक्षात ठेवा

म्हणून चळवळीच्या कार्यकर्त्यांनी काही गोष्टी पाठ कराव्यात, असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट, नुसते अपील किंवा रिव्हिजन दाखल झाले म्हणून खटला थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती लेखी हुकुमाने मिळते. समोरचा वकील 'वर मॅटर पेंडिंग आहे' एवढेच सांगत असेल, तर स्थगितीच्या हुकुमाची प्रत मागा. प्रत नसेल तर खटला चालवण्याचा आग्रह धरा. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठेल असे म्हटले होते. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते रद्द केले. त्यामुळे आता स्थगिती आपोआप जात नाही, ती उठवण्यासाठी आपणच अर्ज करावा लागतो.

दुसरी गोष्ट, ॲट्रॉसिटी कायद्यात २६ जानेवारी २०१६ पासून कलम १४ अ आलेले आहे. विशेष न्यायालयाच्या अंतरिम नसलेल्या हुकुमाविरुद्ध आणि जामीन देणाऱ्या किंवा नाकारणाऱ्या हुकुमाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात अपील होते. मुदत ९० दिवसांची आहे. उशीर झाला तर समाधानकारक कारण द्यावे लागते. हे अपील शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावे, असे त्याच कलमात लिहिलेले आहे. हा मार्ग केवळ आरोपीचा नाही. आरोपीला चुकीने जामीन मिळाला तर पीडितालाही तो मार्ग आहे.

तिसरी गोष्ट, कलम १५ अ. जामीन, दोषमुक्ती, सुटका, पॅरोल, शिक्षा अशा प्रत्येक कामकाजाची नोटीस मिळण्याचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क पीडिताला आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये राजस्थानातील एका खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क बंधनकारक असल्याचे सांगितले आणि पीडिताला न ऐकता दिलेला जामीन रद्द केला. मावशींच्या प्रकरणात हेच कलम आमच्या कामी आले.

चौथी गोष्ट, वरचे न्यायालय हा काही आरोपींचा मक्ता नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात मारहाण झाली. औरंगाबाद खंडपीठाने आरोपीला अटकपूर्व जामीन दिला. फिर्यादी गप्प बसला नाही, सर्वोच्च न्यायालयात गेला. १ सप्टेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने तो जामीन रद्द केला आणि कलम १८ ची मनाई पुन्हा अधोरेखित केली.

पाचवी गोष्ट आपल्या आरोपी तरुणांसाठी. प्रत्येक खोट्या केसमध्ये हायकोर्ट हा पहिला उपाय नसतो. फिर्याद आणि आरोपपत्र जसेच्या तसे खरे मानले तरी गुन्हाच होत नाही, असे असेल तर गुन्हा रद्द करण्याची मागणी करा. १९९० च्या भजनलाल प्रकरणात त्याचे सात प्रकार सांगितलेले आहेत. पुराव्याचा वाद असेल तर खालीच लढा. सत्र न्यायालयाच्या खटल्यात दोषमुक्तीचा अर्ज नव्या संहितेनुसार प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यापासून ६० दिवसांत करायचा असतो. तो फेटाळला गेला तर रिव्हिजनची मुदत ९० दिवसांची आहे. आणि आरोपपत्र मुदतीत आले नाही तर जामीन हा हक्क होतो. तो आरोपपत्र येण्याआधीच मागावा लागतो, एक दिवस चुकला तरी गेला.

सहावी आणि महत्त्वाची गोष्ट, पैसा नाही म्हणून घरी बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, महिला आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, उच्च न्यायालयातही मिळतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले. त्यामुळे सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या माणसाला आता मुंबईची वारी करावी लागत नाही. त्याचा फायदा आरोपी घेतीलच, आपणही घेतला पाहिजे.

आमची मागणी

आम्हाला कायद्यात मोठी उलथापालथ नको आहे. निकालाआधीच्या अपिलाचे दार अरुंदच असावे. मधु लिमये खटल्याने घालून दिलेली कसोटी पुरेशी आहे. परंतु ते दार सर्वांना सारखे असले पाहिजे. ॲट्रॉसिटीच्या खटल्याला स्थगिती देण्याआधी पीडिताला ऐकलेच पाहिजे, आणि स्थगिती दिलीच तर ते अपील तीन महिन्यांत निकाली निघाले पाहिजे. तसेच जामिनाच्या अपिलांवर महिनोन् महिने तारखा पडता कामा नयेत, मग आत असलेला माणूस प्रसिद्ध असो वा नसो. त्याच कायद्याने आरोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत खटला पूर्ण करा, असे सांगितले आहे. ते अमलात आले तर मधल्या काळातल्या निम्म्या लढाया लढाव्याच लागणार नाहीत.

सरकार आणि न्यायालये हे करतील तेव्हा करतील. आपण मात्र आजपासून एक काम करू शकतो. प्रत्येक तालुक्यात आपल्या दोन कार्यकर्त्यांनी चालू ॲट्रॉसिटी खटल्यांची आणि आपल्या तरुणांवरील खटल्यांची वही ठेवावी. कोणत्या खटल्यात कोणता हुकूम कोणत्या तारखेला झाला, नव्वदावा दिवस कधी येतो, वर कुणी गेले आहे काय, स्थगिती आहे काय, एवढेच त्यात लिहावे. उच्च न्यायालयातील प्रकरणाची स्थिती आता मोबाईलवरही पाहता येते. महाडला तात्पुरता मनाई हुकूम आला तेव्हा बाबासाहेब तो उठवून घेईपर्यंत कोर्टात लढत राहिले आणि मूळ दावाही दहा वर्षे लढून जिंकले. त्यांनी एकही तारीख वाऱ्यावर सोडली नाही. आपणही सोडता कामा नये.

जय भीम!